मैदानावर फक्की कोण टाकतो?

शाळेच्या वेळापत्रकात एक तास असा असतो की तो कुणाचाच नसतो. गणिताच्या तासाला गुरुजी असतात, मराठीच्या तासाला बाई असतात. पीटीचा तास आला की शिक्षक एकमेकांकडे बघतात. कुणाला पोषण आहाराचा हिशेब लिहायचा असतो, कुणाला मोबाईलवर माहिती भरायची असते, कुणाचा केंद्रप्रमुखांकडे पाठवायचा कागद राहिलेला असतो. मग "जा रे, खेळा" म्हणून पोरांना मैदानावर सोडून देतात. आणि त्या वर्षी शाळेत डी.एल.एड.चे छात्रशिक्षक आलेले असले, की तो तास हमखास त्यांच्या गळ्यात पडतो.

आमच्या नगरच्या (आता अहिल्यानगरच्या) विहारात वाचनालय आहे. आपल्या वस्तीतली जी मुले-मुली शिक्षक होण्यासाठी शिकत आहेत ती तिथे पाठ टाचणे लिहायला बसतात. घरी एका खोलीत सात माणसे, टीव्ही चालू, पाहुणे. तिथे टाचण कसले लिहिता येणार? माझी भाचीही त्यांच्यातलीच. रविवारी वंदना झाली की या मुलींच्या गप्पा ऐकायला मिळतात. आंतरवासितेसाठी, म्हणजे आपण पूर्वी छात्रसेवाकाल म्हणायचो त्यासाठी, प्रत्येकीला वेगवेगळी शाळा मिळालेली. पण एका बाबतीत सगळ्यांचे रडगाणे एकच होते. शाळेत पाऊल ठेवल्याबरोबर प्रत्येकीच्या हातात शिट्टी आली होती.

भाचीला शिट्टीच वाजेना. पहिल्या दिवशी नुसती हवा गेली आणि सातवीचा वर्ग खो खो हसला. त्यात अध्यापक विद्यालयाचा गणवेश म्हणजे साडी. साडी नेसून लंगडी घालून दाखवायची, धावती उडी दाखवायची, सूर्यनमस्कार घालायचे! पाठ निरीक्षणाला आलेले सर म्हणतात, "कृती करून दाखवा." ती मला म्हणाली, "मामा, मी स्वतः सहावीनंतर पळाले नाही. आता यांना काय दाखवू?" ते खरेच होते. सहावीपर्यंत ती गल्लीतल्या पोरांच्या पुढे धावायची. मग मोठी झाली म्हणून घरच्यांनी बसवली, शाळेनेही बसवली. आपल्या घराघरांतून हेच होते. वयात आली की मुलगी मैदानाच्या कडेला दप्तरे सांभाळत बसते. तीच मुलगी पुढे डी.एल.एड.ला जाते आणि तिला आपण सांगतो की आता मुलींना खेळायला शिकव.

तालुक्याच्या लहान शाळांमध्ये खेळाचा वेगळा शिक्षक नसतो. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात मैदान आणि खेळाचे साहित्य प्रत्येक शाळेला सांगितले आहे. आरोग्य व शारीरिक शिक्षणासाठी अंशकालीन निदेशकाची तरतूदही आहे. पण ती सहावी ते आठवीसाठी आणि पट शंभराच्या वर असेल तर. वाड्यावस्त्यांवरच्या शाळांचा पट किती, हे वाचकांना मी सांगायला नको.

साडीचा आणि शिट्टीचा प्रश्न तिने सोडवला. पदर खोचला, खाली पायजमा घातला. शिट्टी मी शिकवली. समता सैनिक दलाच्या शिबिरात तरुणपणी जी कवायत केली होती ती विहाराच्या अंगणात तिच्याकडून करून घेतली. सावधान, विश्राम, दाहिने मूड. दलाची स्थापना महाडच्या काळातली, १९२७ च्या आसपासची. आपल्या माणसांनी मान वर करून, छाती पुढे काढून चालावे ही गोष्ट त्या काळी साधी नव्हती, म्हणून कवायत हवी होती. ती म्हणाली, "कॉलेजात हे कुणी सांगितलं नाही. पीटी म्हणजे पाच-दहा मार्क एवढंच."

पण मला लिहायचे आहे ते वेगळेच. एका रविवारी ती जरा गप्प गप्प होती. विचारले तर म्हणाली, "मामा, मैदानावर फक्की टाकायला रोज तीच पोरं कशी?"

झाले होते ते असे. तालुका स्पर्धा जवळ आल्या म्हणून शाळेत खो-खोची तयारी सुरू होती. तासाच्या आधी मैदान झाडायचे, दगड वेचायचे, धूळ बसावी म्हणून पाणी मारायचे, मग दोरी धरून फक्कीने रेघा आखायच्या. वर्गशिक्षक खिडकीतूनच पाच नावे पुकारत. ती पाच पोरे बादल्या घेऊन धावत. मैदान तयार झाले की संघ पाडले जात, आणि ही पाच पोरे बाहेर उभी. का, तर त्यांचे हातपाय चुन्याने भरलेले, कपडे ओले. "तुम्ही उद्या खेळा." तो उद्या येत नसे.

मी दिवसभर रजिस्टरे भरणारा माणूस. बी.कॉम. होऊन दुसरे काही आले नाही तरी एक गोष्ट अंगवळणी पडली, की तोंडी तक्रारीला वजन नसते. मी तिला म्हणालो, वहीत दोन रकाने पाड. काम कोणी केले, खेळले कोण. पंधरा दिवस फक्त लिही. कुणाला काही बोलू नकोस.

पंधरा दिवसांनी वही आणली. पहिल्या रकान्यात तीच पाच नावे, एक-दोन दिवस सोडले तर. दोन आपल्या वस्तीतली, एक मातंग, एक भिल्ल आणि एक मराठा कुटुंबातला, वडील नसलेला, आई शेतमजुरी करणारी. हे पाचवे नाव मी मुद्दाम सांगतो. नाहीतर कुणी म्हणेल, तुम्हाला सगळीकडे जातच दिसते. जात दिसते, कारण ती असते. पण गरिबी तिच्या मांडीला मांडी लावून बसलेली असते, हेही वहीत दिसत होते.

वर्गशिक्षक काही दुष्ट माणूस नव्हता. भाचीशी चांगला वागे, तिला फळ्यावरचे अक्षर कसे काढावे ते त्यानेच शिकवले. तिने सहज विचारले तेव्हा म्हणाला, "मॅडम, ही पोरं शाळेजवळच राहतात, लवकर येतात. आणि कामाला चपळ आहेत. बाकीच्यांना सांगितलं तर अर्धा तास लावतात." त्याच्या मनात काही नव्हते, यावर माझा विश्वास आहे. पण कामाला चपळ कोण आणि खेळाला चपळ कोण, हे त्याच्या डोळ्यांनी आधीच ठरवून टाकले होते. चपळ पोराच्या हातात बादली द्यावी की त्याला खो द्यावा, हा प्रश्नच त्याला पडला नव्हता.

आपल्या लोकांना हे नवीन नाही. महार वतन म्हणजे दुसरे काय होते? गावाने हाक मारायची आणि महाराने धावायचे. रात्री नाही, दिवस नाही. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कौन्सिलात वतनाच्या कायद्यात दुरुस्तीचे विधेयक मांडले ते याच हाकेविरुद्ध. ही वतने कायद्याने गेली ती १९५८ च्या कायद्यानंतर, बाबासाहेबांच्या पश्चात. वतन गेले, पण खिडकीतून नाव पुकारायची सवय कुठल्या कायद्याने जाणार? बाबासाहेब सातारच्या शाळेत घरून आणलेल्या गोणपाटावर वेगळे बसत आणि शिपाई नसेल त्या दिवशी त्यांना पाणी मिळत नसे. त्या शाळेत आपल्या पोराने नळाला हात लावायचा नव्हता. आता बादली भरून आणायला आपलेच पोर लागते. एवढा फरक पडला खरा!

खेळातही ही गोष्ट जुनीच आहे. पळवणकर बाळू यांचे नाव आपल्या मुलांना सांगितले पाहिजे. चर्मकार समाजातला हा माणूस पुण्यात इंग्रजांच्या क्लबात महिना चार रुपयांवर मैदानकामगार होता. खेळपट्टी झाडायची, रोलर फिरवायचा, जाळी लावायची. इंग्रज खेळाडूला सरावासाठी गोलंदाजी करता करता तो एवढा तयार झाला की हिंदूंच्या संघाला त्याच्यावाचून चालेना. मैदानावर चेंडू त्याच्या हातचा चाले, पण चहाच्या वेळी त्याला बाहेर मातीच्या भांड्यात चहा. १९११ साली हिंदी संघ इंग्लंडला गेला तेव्हा बाळूंनी दौऱ्यात शंभरावर बळी घेतले. कप्तानपद मात्र त्यांना मिळाले नाही. ते पुढे १९२३ मध्ये त्यांच्या धाकट्या भावाला, विठ्ठलला मिळाले. (१९३७ च्या निवडणुकीत हेच बाळू बाबासाहेबांच्या विरोधात उभे राहिले आणि पडले. तो इतिहास वेगळा, त्याने त्यांची गोलंदाजी कमी होत नाही.) मी भाचीला म्हणालो, तुझ्या त्या पाचांत कोण बाळू आहे ते तू पाहिलेस का? रोलर फिरवणाऱ्याच्या हातात चेंडू गेला नसता तर बाळू जगाला कळला असता का?

त्याच महिन्यात त्यांच्या विद्यालयाची क्षेत्रभेट हिवरे बाजारला निघाली. नगरपासून साधारण १७ किलोमीटरवरचे हे गाव. आता देशभरातून लोक बघायला येतात, पण पूर्वी नोकरदाराला तिथली बदली म्हणजे शिक्षा वाटे. पाऊस कमी, डोंगर उघडे, दारू फार, माणसे कामासाठी बाहेर. एकेकाळी पैलवानांसाठी ओळखले जाणारे गाव, पण दुष्काळात तालमीला खुराक कुठून येणार? १९८९ साली पोपटराव पवार सरपंच झाले. ते एम.कॉम. झालेले आणि क्रिकेट खेळणारे. घरच्यांना वाटत होते पोराने क्रिकेटमध्ये नाव काढावे. सरपंच झाल्यावर गावाने पहिल्यांदा जी कामे हाती घेतली त्यांत शाळा होती. चौथीपर्यंतची शाळा गावाने श्रमदान करून वाढवली, ती पुढे हायस्कूल झाली. १९९४ पासून आदर्श गाव योजना आली. चराईबंदी, कुऱ्हाडबंदी, नशाबंदी, कुटुंबनियोजन आणि श्रमदान ही त्यांची सूत्रे. पोपटरावांना २०२० मध्ये पद्मश्री जाहीर झाली. हे सगळे वाचकांनी कुठे ना कुठे वाचलेले असेल.

मीही त्या दिवशी रजा टाकून मागून गेलो. मला पाण्याच्या ताळेबंदात रस होता. एवढा पाऊस पडला, एवढे पाणी पिण्याला, उरलेल्यात कोणती पिके घ्यायची हे गाव ग्रामसभेत बसून ठरवते. जमाखर्च मांडणाऱ्या माणसाला याहून गोड काय असणार? पण या मुलींचे लक्ष दुसऱ्याच शब्दावर अडकले होते. परत येताना एसटीत भाची म्हणाली, "मामा, श्रमदान आणि फक्की टाकणं यात फरक काय? दोन्ही फुकटचंच काम की."

प्रश्न साधा नाही. खरे सांगायचे तर श्रमदान हा शब्द ऐकला की माझ्या पोटात थोडे कालवते. आपल्या आज्या-पणज्यांनी आयुष्यभर जे श्रम दिले त्याला कुणी दान म्हटले नाही, वेठ म्हटले. ज्याला नाही म्हणता येते त्याचेच दान असते. म्हणून कुठल्याही आदर्श गावात गेलो की मी दोन गोष्टी विचारतो. टिकाव-फावडे सगळ्यांच्या हातात होते का, आणि पाणी आल्यावर ते सगळ्यांच्या वावरात गेले का? ग्रामसभेत समोरासमोर बसून काम ठरले तर त्या कामाला माणूस आपले म्हणतो. खिडकीतून नाव पुकारले तर ते काम पुकारणाऱ्याचे. मी तिला एवढेच म्हणालो, की तुझ्या मैदानावरही एक ग्रामसभा घेऊन बघ.

तिने घेतली. दुसऱ्याच सोमवारी सातवीच्या वर्गाला मैदानावर गोल बसवले आणि विचारले, मैदान कुणाचे? सगळे ओरडले, "आपलं!" मग झाडायचे कुणी? तिथे सगळे गप्प. तिने हजेरीच्या क्रमांकाने यादी केली. एक ते सहा सोमवारी, सात ते बारा मंगळवारी, अशी. मुलगा-मुलगी भेद नाही, पाटलाचा-मजुराचा भेद नाही. आणि अट अशी की ज्याने त्या दिवशी फक्की टाकली त्याचा संघ आधी खेळणार. ही अट तिच्याच डोक्यातली, माझी नाही. खो-खोचे संघही हजेरीच्या क्रमांकानेच पाडले.

पहिल्या आठवड्यात रेघा इतक्या वाकड्या आल्या की मैदान केळ्यासारखे दिसत होते म्हणे. तिसऱ्या दिवशी एका पोराचे वडील शाळेत आले. "आमच्या पोराला चुन्याची ॲलर्जी आहे." मुख्याध्यापकांनी भाचीला बोलावून घेतले. तिने वही पुढे केली. त्यांनी दोन पाने चाळली, काही बोलले नाहीत, वही मिटून परत दिली. जाताना म्हणाले, "यादी चालू द्या. पण मॅडम, ही वही निरीक्षकांना दाखवू नका." यादी चालू राहिली. ज्याला ॲलर्जी होती त्या पोराने दोरी धरली.

त्या पाचांतली जी मुलगी होती, आपल्या वस्तीतलीच, ती धावायला लागली तेव्हा सगळ्यांना कळले की आजवर बादली कुणाच्या हातात होती. खो मिळाला की ती बसल्या जागेवरून अशी उठायची की समोरच्याला दिशा कळेपर्यंत पाठीवर थाप पडलेली असे. पायात चप्पलही नाही. खो-खोचे हेच बरे आहे. दोन खांब आणि मोकळी जागा, बाकी पैसा लागत नाही. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक झाला. भारताचे पुरुष आणि महिला दोन्ही संघ जिंकले आणि दोन्हींचे कप्तान महाराष्ट्राचे होते, प्रतीक वाईकर आणि प्रियंका इंगळे. भाचीने मोबाईलवर तो सामना वर्गाला दाखवला. वर्गशिक्षकांनीच, हो त्याच वर्गशिक्षकांनी, त्या मुलीचे नाव तालुक्याच्या चौदा वर्षांखालील संघात घातले.

आणि ती गेली नाही. दसरा झाला, मुकादम आला, उचल घेतलेली होती, आईबाप कोयता घेऊन कारखान्याकडे निघाले. धाकटे भावंड सांभाळायला हिला बरोबर नेले. स्पर्धेच्या दिवशी ती कुठल्या तरी फडात पाचट गोळा करत असणार. हंगामी वसतिगृहाची शासनाची सोय आहे. पालक तोडीला गेले तरी मुलाने गावात राहून शिकावे म्हणून. पण त्यासाठी नावे वेळेत कळवावी लागतात, आणि तिच्या शाळेतून ती वेळेत गेली नव्हती. भाची त्या रविवारी विहारात आली ती रडतच. पाठाचा शेरा दाखवला, "मैदान शिस्त चांगली. आवाज वाढवावा." एवढेच.

आपल्या घरांमध्ये अजून म्हणतात, खेळून काय भाकरी मिळणार? त्यांना मी माझ्या कारकुनी भाषेत सांगतो. शासकीय नोकरीत पात्र खेळाडूंना ५ टक्के समांतर आरक्षण आहे. दहावी-बारावीला खेळाचे सवलतीचे गुण आहेत. पण त्याची पायरी तालुक्यापासून सुरू होते. तालुका, जिल्हा, विभाग, राज्य. पहिल्याच पायरीला पोर फडात असेल तर पुढचे कागद कोरेच राहणार. आपल्या शेजारच्या आष्टी तालुक्यातला, मांडव्याचा अविनाश साबळे घ्या. कष्टकरी घरातला पोरगा, शाळा सहा किलोमीटर लांब. बारावीनंतर सैन्यात भरती झाला तो महार रेजिमेंटमध्ये, आणि तिथे धावपटू म्हणून घडला. २०२२ मध्ये बर्मिंगहॅमला राष्ट्रकुल स्पर्धेत रौप्य, २०२३ मध्ये हांगझोला आशियाई स्पर्धेत सुवर्ण. रोज सहा किलोमीटर चालणारी पोरे आपल्या वस्त्यांवर शेकड्यांनी आहेत. त्यांच्याकडे घड्याळ घेऊन कोण बघतो?

शिक्षक होणाऱ्या आपल्या मुलींनी बघावे, असे मला वाटते. त्यांना टीईटी द्यायची आहे, अभियोग्यता चाचणी द्यायची आहे, जागा कधी निघतील ते पवित्र पोर्टललाच ठाऊक. त्या चिंतेत पीटीचा तास त्यांना ओझे वाटतो, आणि ते साहजिक आहे. पण लेकराला नुसते वाचता येते की नाही हे वर्गात कळते. कोण कुणाचा हात धरत नाही, कोण कायम बाहेर उभे असते, कुणाच्या पोटात सकाळपासून काही नाही, हे मैदानावरच दिसते. सावित्रीमाईंनी शिक्षिकेचे धडे घेतले ते आपल्या नगरला, मिस फॅरार यांच्याकडे. आणि जोतीराव दांडपट्टा शिकले ते पुण्याच्या गंज पेठेत, लहुजी वस्ताद साळवे यांच्या तालमीत. पाटी आणि तालीम या दोन गोष्टी आपल्याकडे कधी वेगळ्या नव्हत्या. त्या वेगळ्या केल्या कुणी, हा स्वतंत्र लेखाचा विषय आहे.

ती मुलगी फाल्गुनात परत आली. भाचीचा कालावधी तोवर संपला होता. शाळेतली यादी अजून चालू आहे की नाही हे बघायला मी एकदा मुद्दाम त्या रस्त्याने गेलो. रेघा वाकड्याच होत्या, त्यावरून समजलो की चालू असावी.

यंदा आम्ही विहारातल्या कार्यकर्त्यांनी जुलैपासूनच वस्तीवस्तीवर जाऊन वही केली. कोणत्या घरचे तोडीला जाणार, घरात शाळेची मुले किती, कोणत्या इयत्तेत, कोण कोणत्या खेळाच्या संघात आहे. आज्यांना भेटलो. दोन आज्यांनी सांगितले, नातीला ठेवते, पण रेशनचे बघा. तेही लिहून घेतले. हंगामी वसतिगृहासाठी नावांची यादी आणि अर्ज शाळेत दिला, एक प्रत गटशिक्षण कार्यालयात दिली. दोन्हीकडच्या शिक्क्याची पोहोच माझ्या फाईलला आहे. दसऱ्याला अजून पाच आठवडे आहेत.